मांडव्याचा अर्ज

चुकीचा दंड निमूट भरून टाकणं हा समंजसपणा आहे की अधर्म? रक्कम 500 रुपयांची असली तरी मी हा धर्माचाच प्रश्न मानते. ज्यांच्या ज्यांच्या कानावर ही गोष्ट गेली त्यांतल्या बहुतेकांनी मला एकच सल्ला दिला. भाचा म्हणाला, "मावशी, भरून टाक ना. मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे." शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "कुठे त्यांच्या नादी लागता? हेलपाटे मात्र होतील." दोघांनाही माझी काळजीच होती. पण या सल्ल्यात दंड बरोबर की चूक याला काही किंमतच नाही. त्रास कशात कमी, एवढंच बघायचं. हे मला पटत नाही. दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. न केलेल्या गुन्ह्याची कबुली देणं हे खोटं बोलणं आहे, आणि ते सोयीसाठी बोललं म्हणून खरं होत नाही.

घडलं ते असं. आमच्याकडे बाजारपेठेजवळ उड्डाणपुलाचं काम चालू आहे. मुख्य रस्ता पत्रे ठोकून बंद केलेला. डाव्या हाताला जी गल्ली आहे ती पूर्वीपासून एकेरी, आणि चौकाच्या बाजूने तिच्यात शिरायला मनाई. काम सुरू झाल्यावर मात्र सगळी वाहतूक त्याच गल्लीतून काढली. तोंडाशी पिवळा फलक लावला, त्यावर जाडजूड काळा बाण आणि खाली 'पर्यायी मार्ग'. 'प्रवेश बंद'ची जुनी गोल पाटी, लाल रंगावर आडवी पांढरी पट्टी असलेली, तिच्यावर गोणपाट टाकून सुतळीने बांधलं. कित्येक आठवडे आम्ही सगळे तसेच ये-जा करत होतो.

त्या दिवशी मी स्कूटरवरून तिथे आले तेव्हा गोणपाटाची वरची सुतळी सुटलेली होती आणि ते पाटीच्या कमरेशी लोंबत होतं. वरचा अर्धा लाल गोल उघडा. त्याच्यापासून चार हातांवर पिवळा फलक, बाण गल्लीत. समोर पत्रे, उजवीकडे खोदलेला खड्डा, मागे हॉर्न वाजवणारा टेम्पो. मी वेग कमी केला, पाय टेकला. हिरवट जाकीट घातलेला एक पोरगा झेंडी घेऊन उभा होता. मी त्याला विचारलं, "इकडूनच ना?" त्याने झेंडी गल्लीकडे फिरवली आणि म्हणाला, "जावा, जावा काकू, थांबू नका." मी गेले. गल्लीच्या मध्यावर कॅमेरा होता. संध्याकाळी मोबाइलवर ई-चलन आलं: प्रवेश बंद असलेल्या मार्गावर वाहन चालवणे.

सोबतचा फोटो मी पुष्कळ वेळ पाहत बसले. तो मागून काढलेला आहे. माझी पाठ दिसते, स्कूटरचा नंबर दिसतो, रस्ता दिसतो. मला जे दिसत होतं त्यातलं काहीच त्यात नाही. ना बाण, ना गोणपाट, ना झेंडी. कृती तेवढी टिपली गेली होती. ती कृती कोणत्या आज्ञेखाली घडली, हे टिपायला कॅमेरा असमर्थ आहे. मी त्याच संध्याकाळी परत जाऊन समोरून फोटो काढले. ते काढले नसते तर हा लेख लिहायला माझ्याकडे फक्त माझा शब्द उरला असता.

वाहतूक शाखेत मला भेटलेले साहेब सभ्य होते. त्यांनी फोटो नीट पाहिले. मग म्हणाले, "मॅडम, तो पर्यायी मार्ग दोन दिवस आधीच रद्द झाला. आता पुढच्या गल्लीतून वळवलंय. पेपरात दिलं होतं." मी म्हटलं, "मग बाण का ठेवलात?" ते म्हणाले, "बाण ठेकेदाराचा. तो आमच्याकडे येत नाही. आणि गोल पाटी ही कायदेशीर आज्ञा असते, बाण नुसती माहिती."

त्यांचं शेवटचं वाक्य साफ चुकीचं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 119 अनिवार्य चिन्हं पाळायला सांगतं, आणि अनिवार्य चिन्ह म्हणजे लाल पार्श्वभूमीची किंवा लाल कडेची गोल तबकडी, असं तिथेच स्पष्ट केलं आहे. पण तेच कलम असंही सांगतं की त्या वेळी वाहतुकीचं नियमन करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या सूचनाही पाळल्या पाहिजेत. झेंडीवाला पोरगा पोलीस नव्हता, हे खरं. पण रस्त्यावर पाय टेकून उभ्या असलेल्या बाईने त्याची नेमणूक कोणी केली हे कसं विचारायचं? त्याच्या हातात झेंडी होती आणि ती हलल्यावर टेम्पो, रिक्षा, सायकली सगळे हलत होते.

मी बरीच वर्षं महाविद्यालयात लौगाक्षी भास्कराचा 'अर्थसंग्रह' शिकवला. यज्ञाच्या वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसेच्या दारात ठेवलेलं ते छोटंसं पुस्तक. विद्यार्थ्यांना वाटायचं, यज्ञ संपले, आता याचा उपयोग काय? मी त्यांना सांगायची की हे यज्ञाचं शास्त्र कमी आणि आज्ञेचं जास्त आहे. आज्ञा म्हणजे काय, ती माणसाला हलवते कशी, दोन आज्ञा एकमेकींच्या आड आल्या तर काय करायचं, याचा इतका बारीक विचार आपल्याकडे दुसऱ्या कुणी केलेला नाही. मीमांसकांच्या मते विधिवाक्य ऐकल्यावर ऐकणाऱ्याला 'हे मला अमुक करायला प्रवृत्त करतं आहे' असं कळतं, त्या कळण्यातच आज्ञेचं बळ आहे. निषेधाचंही तसंच, तो ऐकणाऱ्याला परत फिरवतो. मग जिथे ऐकणाऱ्यापर्यंत काही पोहोचतच नाही, किंवा पुढे हो आणि मागे फीर हे दोन्ही एकाच वेळी पोहोचतं, तिथे आज्ञा झाली असं म्हणायचं का?

यावर त्यांचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अतिरात्र नावाच्या सोमयागात षोडशी हे पात्र घ्यावं असं एका ठिकाणी सांगितलं आहे, आणि घेऊ नये असं दुसऱ्या ठिकाणी. दोन्ही वेदवाक्यं, दोन्ही सारख्याच बळाची. निर्णय असा की इथे विकल्प मानायचा. घेतलं तरी याग बिघडत नाही, न घेतलं तरी बिघडत नाही. कर्त्याला दोष नाही. पण विकल्प मानायला मीमांसक सहजासहजी तयार होत नाहीत. त्यात आठ दोष येतात असं ते सांगतात, आणि म्हणून आधी बाकीचे सगळे मार्ग चोखाळून पाहतात. कोणतं वाक्य जास्त बलवान, कोणतं सामान्य आणि कोणतं विशेष, एकाने दुसऱ्याचा बाध होतो का. पां. वा. काणे यांच्या 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'च्या पाचव्या खंडात या नियमांनी स्मृतींतला विरोध कसा सोडवला जातो याची लांबलचक चर्चा आहे. एकनाथांच्या वंशातले मानले जाणारे आपदेव यांनी तर याच विषयावर 'मीमांसान्यायप्रकाश' लिहिला.

साहेबांचं म्हणणं मी या चौकटीत बसवून पाहिलं. गोल पाटी बलवान, बाण दुबळा. म्हणून विकल्प नाही, पाटीने बाणाचा बाध. पहिल्या नजरेला हे बरोबर वाटतं. पण पाटी अर्धी झाकलेली होती. ती झाकणाऱ्यानेच तिचं बळ काढून घेतलं होतं, आणि ते परत दिल्याची खूण म्हणजे गोणपाट पूर्ण काढून नेणं. सुतळी माणसाने सोडली की पावसाने कुजून तुटली, हे खालून कसं कळणार? उलट बाण शाबूत होता, पूर्ण दिसत होता, आणि त्याला झेंडीची जोड होती. आणखी एक गोष्ट आहे, ती मला सगळ्यात मोठी वाटते. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत अधिकाराचा एक संपूर्ण अध्याय आहे. जे करायला माणूस समर्थ आहे त्याचाच विधी त्याला लागू होतो. समोर पत्रे, उजवीकडे खड्डा, मागे वाहनं. गल्लीत शिरू नको ही आज्ञा पाळायची तर जायचं कुठे, याचं उत्तर त्या चौकात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

पण ही सगळी खटपट करताना माझ्या लक्षात आलं की मीमांसकांच्या आणि माझ्या अडचणीत एक मुळातला फरक आहे. त्यांच्या मते वेद अपौरुषेय आहे. त्याला कर्ता नाही. दोन वाक्यं विसंगत दिसली तर जाऊन विचारायला कुणी नाही, चूक दुरुस्त करायला कुणी नाही. म्हणून विसंगती सोडवण्याचा सगळा भार वाचणाऱ्याने उचलायचा, आणि त्यासाठी त्याला आयुष्यभराचा वेळ. रस्त्यावरच्या फलकाला कर्ता आहे. कुणीतरी तो रंगवला, कुणीतरी लावला, कुणाच्या तरी सहीने तो तिथे उभा आहे. कर्ता हयात असताना विसंगतीचा भार वाचणाऱ्यावर टाकणं हा अन्याय आहे, आणि तोही अशा वाचणाऱ्यावर ज्याच्यापाशी दोन-तीन सेकंद आहेत. आपल्या राज्यकारभाराने ही सवय कुठून उचलली मला माहीत नाही, पण ती सगळीकडे दिसते. हुकूम काढणारे स्वतःला अपौरुषेय समजतात. बाण ठेकेदाराचा, पाटी पोलिसांची, खड्डा महापालिकेचा, पत्रे पुलवाल्यांचे; एकंदर चौकाचा कर्ता कुणीच नाही. शिक्षा मात्र एका माणसाच्या नावावर येते, कारण नंबरप्लेट फक्त त्याच्याकडे आहे.

अज्ञान ही सबब नव्हे, हे मलाही मान्य आहे. प्रत्येकाला 'मला माहीत नव्हतं' म्हणून सोडलं तर कायदा उरणारच नाही. 1962 साली सांताक्रूझच्या विमानतळावर असंच एक प्रकरण घडलं. झुरिकहून मनिलाला निघालेला एक प्रवासी. अंगात चढवलेल्या जाकिटाच्या खिशांत 34 किलो सोनं. रिझर्व्ह बँकेने असं सोनं नेण्यावर नवा निर्बंध घातला होता आणि ती अधिसूचना राजपत्रात आली 24 नोव्हेंबरला. हा माणूस मुंबईत उतरला 28 तारखेला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडलं, पण सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने दोषी ठरवलं. राजपत्रात आलं, म्हणजे जाहीर झालं. तरीही त्यांनी शिक्षा भोगलेल्या दिवसांपुरतीच ठेवली. मला त्यात माणुसकीची जाण दिसते. 'पेपरात दिलं होतं' म्हणणारे साहेब याच बाजूला उभे आहेत.

पण याच्याही आधीचा एक निकाल मला जास्त जवळचा वाटतो. जयपूर संस्थानात 1923 च्या डिसेंबरात मंत्रिमंडळाने अफूचा कायदा ठरावाने मंजूर केला आणि तो कुठेही प्रसिद्ध केला नाही. पुढे हरला नावाच्या माणसाला त्या कायद्याखाली 50 रुपये दंड झाला. हे 50 रुपयांचं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1951 साली न्या. व्हिव्हियन बोस यांनी निकाल लिहिला. आमच्या नागपूरच्या उच्च न्यायालयाचे ते आधीचे मुख्य न्यायाधीश. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की बंद दाराआड ठरवलेल्या गोष्टीसाठी लोकांना शिक्षा करणं हे नैसर्गिक न्यायाला धरून नाही. कायदा लागू होण्याआधी तो लोकांना कळेल, निदान काळजीपूर्वक शोधला तर सापडेल, अशा रीतीने जाहीर झाला पाहिजे. 50 रुपये कुणी तरी भरून टाकले असते तर हे वाक्य देशाच्या कायद्यात आलं नसतं.

आणि रस्त्याच्या बाबतीत तर संदिग्धता ठेवलेलीच नाही. कलम 115 वाहतुकीवर निर्बंध घालायचा अधिकार देतं, आणि त्याच वाक्यात योग्य जागी योग्य चिन्हं उभारण्याचं बंधनही घालतं. निर्बंध महिनाभराच्या आतला असेल तर राजपत्राची गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. चिन्हांतून मात्र सुटका नाही. याचा अर्थ कायदा करणाऱ्यांनाही माहीत होतं की गाडी चालवणारा रस्ता वाचतो, पेपर नव्हे.

उरते माझी स्वतःची जबाबदारी. ती मी टाळत नाही. जैनांच्या आचारात ईर्यासमिती आहे: चालताना पुढची चार हात जमीन पाहत, जीव वाचवत पाऊल टाकायचं. उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, तिच्यात मुद्दाम घातला. मला ही कसोटी फार प्रामाणिक वाटते. ती 'माहीत नव्हतं' एवढ्यावर कुणाला सोडत नाही आणि नुसत्या परिणामावरून कुणाला दोषी धरत नाही. विचारते एवढंच, की तू सावध होतीस का? मी वेग कमी केला, दोन्ही फलक पाहिले, विचारलं, आणि मग वळले. याहून जास्त सावधपणा त्या जागी शक्य नव्हता. असता तर मी दंड भरला असता, आणि तक्रार न करता भरला असता.

या सगळ्या काळात मला आठवत राहिला तो महाभारताच्या आदिपर्वातला मांडव्य. मौनव्रत घेऊन आश्रमाच्या दारात उभा असलेला. चोर येतात, लूट त्याच्या आश्रमात लपवतात. शिपाई विचारतात, तो बोलत नाही. चोर सापडतात, आणि त्याचं मौन ही कबुली धरली जाते. राजा त्याला सुळावर चढवतो. तो मरत नाही. राजाला चूक कळते, तो पाय धरतो, सूळ निघेना म्हणून कापतो, टोक आतच राहतं. लोक त्याला अणीमांडव्य म्हणू लागतात. इथपर्यंतची गोष्ट सहनशीलतेची आहे आणि कीर्तनकार बहुधा तीच रंगवतात. मला त्यापुढचा भाग मोठा वाटतो. मांडव्य राजाला क्षमा करतो आणि थेट धर्माच्या सभेत जाऊन उभा राहतो. मला ही शिक्षा कशाची, असं विचारतो. धर्म सांगतो, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस. मांडव्य म्हणतो, अजाण वयातल्या एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? आजपासून चौदा वर्षांपर्यंत केलेल्याचं पाप लागणार नाही, ही मर्यादा मी घालतो. आणि साक्षात धर्माला तो शाप देतो, दासीच्या पोटी जन्म घेण्याचा. तोच विदुर.

वेदना त्याने सोसली. पण चुकीचा हिशेब सोसला नाही. क्षमा आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कळत होतं. 'भरून टाक, सोडून दे' म्हणणारे त्यांची गल्लत करतात. साहेबांवर, ठेकेदारावर, त्या झेंडीवाल्या पोरावर माझा राग नाही. पोरगा तर उन्हात दिवसभर उभा असतो. कुणी त्याला सांगितलंच नसेल की मार्ग बदलला. राग नसतानाही हिशेब मागता येतो, आणि तो तेव्हाच नीट मागता येतो.

पोर्टलवरची माझी तक्रार फेटाळली गेली, कारण दिलं नाही. मग लोकअदालतीची नोटीस आली. तिथे रक्कम कमी करून मिटवता येईल असं एकाने सांगितलं. मी नाही म्हटलं. लोकअदालत तडजोडीसाठी चांगली जागा आहे, पण मला सवलत नको होती. न्यायालयात उभी राहिले तेव्हा न्यायाधीशबाईंनी माझे फोटो मोबाइलवरच मोठे करून पाहिले, सरकारी वकिलांना "ती पाटी झाकली कोणी?" एवढं विचारलं, उत्तर आलं नाही, आणि चलन रद्द झालं. सगळं मिळून चहा प्यायला लागतो त्याहून कमी वेळात. भाचा म्हणाला, "जिंकलीस की मावशी!"

माझ्या मते काम तिथे अर्धंच झालं होतं. त्या गल्लीत त्या दिवसांत मी एकटी शिरले नव्हते. माझ्या पुढे टेम्पो होते, मागे कॉलेजची मुलं होती, भाजीचे हातगाडीवाले आणि सायकलवाले सोडले तर सगळ्यांना नंबरप्लेट होती. मांडव्याने स्वतःसाठी काही मागितलं नाही, नियम बदलून घेतला. म्हणून मी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला आहे, दहा रुपयांचं तिकीट लावून. मार्ग बदलल्याच्या दिवसापासून तो बाण हलवेपर्यंत त्या कॅमेऱ्याने किती चलनं काढली, त्यांतली किती भरली गेली, आणि बाण हलवण्याची जबाबदारी कोणाच्या नावावर नोंदलेली आहे, हे त्यात विचारलं आहे. सोबत वेगळं निवेदन जोडलं आहे: माझं चलन ज्या कारणाने रद्द झालं त्याच कारणाने तीही सगळी रद्द करावीत, आणि ज्यांनी भरली त्यांना पैसे परत द्यावेत. निवेदनाखाली वहिनींनीही सही केली आहे. त्यांच्या मुलाला त्याच आठवड्यात तिथलंच चलन आलं होतं, आणि त्याने ते त्याच रात्री भरून टाकलं होतं.